झरीकडून काहीच आलं नाही

ज्या वर्षांत यवतमाळच्या कापसाची बातमी रोज टीव्हीवर दिसायची, त्याच वर्षांत आमच्या जिल्ह्यात कॉम्प्युटर आले. कापूस बुडाला म्हणून सरकारनं पॅकेज दिलं, आणि पॅकेजात काय, तर कॉम्प्युटर! आता हसावं की रडावं, तुम्हीच सांगा. ट्रकमधून खोकी उतरली, हार घातले, नारळ फोडले. एका खात्यानं, नाव कशाला घ्या, अजून तिथं तीच माणसं बसली आहेत, तर त्या खात्यानं ठरवलं की खेड्यापाड्यातल्या दवाखान्यांना कोणती औषधं किती पाहिजेत, ते यापुढं कागदावर घ्यायचं नाही. दवाखान्यात नर्सबाईनं कॉम्प्युटरमध्ये भरायचं, यवतमाळात साहेबांनी बघायचं आणि मुंबईत मोठ्या साहेबांनी त्याहून मोठ्या पडद्यावर बघायचं.

प्रोग्रामचं काम मिळालं हिरासिंगला. हा पुसदकडचा गडी, यवतमाळात दोन खोल्या भाड्यानं घेऊन त्यानं कंपनी काढली होती. बोलायला एकदम गोड. काम कसं मिळवायचं ते त्याला पक्कं ठाऊक, करायचं कसं ते ठाऊक नाही. त्यासाठी त्यानं धम्मरत्नाला ठेवलं होतं. धम्मरत्न दारव्ह्याचा, नलूबाईचा थोरला. वडील लवकर गेले, तेव्हा नलूबाईनं दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून दोन्ही लेकरं शिकवली: हा कॉम्प्युटर शिकला, धाकटी उर्वशी नर्स झाली. घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली दोघांची सर्टिफिकेटं शेजारी शेजारी लावलेली होती.

धम्मरत्नाचं काम काय होतं, ते समजून घ्या, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. दर सोमवारी सकाळी यवतमाळचा कॉम्प्युटर फोनच्या तारेवरून एकेका दवाखान्याच्या कॉम्प्युटरला विचारायचा, बाबा रे, तुला काय पाहिजे? तिकडून उत्तर यायचं ते आडव्या ओळी आणि उभे रकाने, डेटाबेस देतो तसं. पण मुंबईचा प्रोग्राम पडला शिष्ट. त्याला ओळी-रकाने कळत नाहीत, त्याला एक्सएमएल पाहिजे. एक्सएमएल म्हणजे फार मोठं काही नाही. बाजारात पोत्याच्या तोंडाला चिठ्ठी बांधतात, आत काय आहे ते कळावं म्हणून, तसंच हे. फक्त इथं चिठ्ठ्या दोन, एक सुरू झाल्याची, एक संपल्याची. ‘मागणी’ नावाचं एक मोठं पोतं, त्यात एकेका ओळीचं लहान पोतं, त्यात औषधाचं नाव आणि आकडा. डेटाबेसचं उत्तर उचलायचं, अशा पोत्यांत भरायचं आणि मुंबईच्या प्रोग्रामनं हाक मारली की त्याच्या हाती द्यायचं. हा मधला सगळा कारभार, इंटरफेस म्हणतात तो, धम्मरत्नानं एकट्यानं लिहिला होता आणि चांगला लिहिला होता.

एखाद्या दवाखान्याला काहीच नको असलं, तर ‘मागणी’चं पोतं रिकामं जायचं. आणि दवाखान्याच्या कॉम्प्युटरनं उत्तरच दिलं नाही, लाइट नाही, फोन मेलेला, तर त्यासाठी त्यानं वेगळं पोतं ठेवलं होतं. त्याचं नाव ‘चूक’, आणि आत कारण लिहिलेलं. रिकामं वेगळं आणि उत्तर न येणं वेगळं, हे कळायला कॉम्प्युटर शिकावा लागत नाही. शेजारणीकडं विरजण मागायला गेलात आणि ती नाही म्हणाली, ही एक गोष्ट. तिच्या दाराला कुलूप दिसलं, ही दुसरी.

पण साहेबांना दाखवायचा दिवस आला, आणि ‘चूक’चं पोतं हाती पडलं की मुंबईचा तो शिष्ट प्रोग्राम त्या दवाखान्याची ओळ लालभडक करायचा. भारनियमनाचे दिवस. यवतमाळ शहरात लाइट, पण खेड्यांत सूर्य वर आला की अंधार. अर्धा जिल्हा लाल! साहेब हादरले. आधीच कॅमेरेवाले दारात, त्यात हे लाल पान कुणी छापलं तर मुंबईला काय तोंड दाखवायचं? हिरासिंगनं साहेबांना शब्द दिला की सोमवारपर्यंत पान पांढरं करून देतो. ऑफिसात येऊन त्यानं धम्मरत्नाला सांगितलं, उत्तर नाही आलं तर रिकामं पोतं पाठव.

“भाऊ, रिकामं म्हणजे काही नको असा अर्थ होते,” धम्मरत्न म्हणाला.

“अबे, एकदा काम मंजूर होऊ दे. मंग बदलू.”

धम्मरत्न दोन-तीन दिवस अडून बसला. त्यानं समजावलं, तो चिडला, जेवला नाही. पण हिरासिंगच्या गोड बोलण्यापुढं आणि नोकरीच्या धाकापुढं तो किती टिकणार? त्यानं ते बदललं. काम पण केवढंसं, तर दोन ओळी. सोमवारी पान पांढरंशुभ्र झालं. साहेबांनी पेढे मागवले. आणि ते ‘मंग बदलू’ कुठं गेलं, ते विचारू नका. नवी कामं आली, त्यांत धम्मरत्न बुडाला, आणि खरं सांगतो, आपण असं काही केलं होतं हेच तो विसरून गेला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात उर्वशी झरी जामणीकडच्या एका दवाखान्यात लागली. कंत्राटी नर्स. जंगलातला मुलूख, कोलाम आदिवासींच्या वस्त्या, पोड म्हणतात त्यांना, रस्त्याच्या नावानं दगड. कुणी तिकडं जायला तयार नसायचं, ही गेली. धम्मरत्न स्वतः तिला सोडायला गेला आणि दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर मागणी कशी भरायची ते शिकवून आला. तिची आपली जुनी सवय, कागदावर लिहून, खाली सही करून यवतमाळच्या जीपवाल्याजवळ द्यायची. त्यानं तिला झाडलं. कागदाचा जमाना गेला, म्हणाला, आता इथं भर आणि निवांत राह्य.

उर्वशीनं भरलं. दुपारी लाइट आली की पहिलं काम तेच. तापाच्या गोळ्या, पट्ट्या, सलाइन आणि सगळ्यांत वर साप चावल्याचं इंजेक्शन. कापूस वेचायचे दिवस म्हणजे तिकडं सापांचे दिवस, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, बुडाशी हात घालायचा असतो. मागच्या वर्षीची थोडी इंजेक्शनं फ्रिजमध्ये होती, ती एकेक करून संपत चालली. यवतमाळहून गाडी यायची, इतर ठिकाणी माल उतरायचा, झरीकडं तिचं तोंड वळायचंच नाही.

तिनं भावाला फोन केला. दवाखान्याची तार फक्त कॉम्प्युटरसाठी, म्हणून बूथवरून करावा लागायचा, नंबर लावून. यानं पडद्यावर पाहिलं. झरीची ओळ पांढरी, रिकामी.

“तुह्याकडून काहीच आलं नाही.”

“मी भरलं, दादा. माह्या हातानं.”

तर हा म्हणाला, मग नीट भरलं नसशील. पुढच्या आठवड्यात तिचा पुन्हा फोन, याचं पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिनं विचारलं, कागदावर लिहून जीपवाल्याजवळ देऊ का? तेव्हा हा चांगलाच भडकला. “पागल झाली का? माह्याच घरचं माणूस कागद पाठवते म्हणतीन. माही इज्जत घालवतं का?” वर दारव्ह्याला गेल्यावर आईला सांगितलं की उर्वशीचं कामात लक्ष नाही. मग नलूबाईनं फोनवर पोरीला वेगळं बोलून घेतलं.

मला या जागी धम्मरत्नाचा संताप येतो. ज्या पोरीनं आयुष्यात कधी कामचुकारपणा केला नाही, तिच्या शब्दावर विश्वास नाही; आणि आपल्याच हातानं पांढऱ्या केलेल्या पानावर डोळे मिटून विश्वास! पण तो काही नाटक करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

लेतुबाई नावाची कोलामीण कापूस वेचत होती, तिच्या पायाला घोणस डसली. नवऱ्यानं शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून दवाखान्यात आणली. फ्रिज रिकामा होता. उर्वशीनं जे करता येईल ते केलं, एक जीप मिळवली आणि डॉक्टर फिरतीवर म्हणून वणीला न्यायला स्वतःच सोबत बसली. रस्ताभर लेतुबाई तिचा हात धरून कोलामीत काहीतरी सांगत राहिली. उर्वशीला त्यातलं अक्षर कळलं नाही, ती आपली हो हो म्हणत होती. वणी यायच्या आत लेतुबाई गेली.

आणि मग पेपरात आलं. कॅमेरे आयतेच जिल्ह्यात होते, ते झरीकडं धावले. वरून विचारणा झाली, इंजेक्शन का नव्हतं? खात्यानं लगेच आपला कॉम्प्युटर उघडला. हंगामभराचं पान काढलं, झरीची ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत रिकामी. झालं, सुटले सगळे! नर्सनं मागितलंच नाही तर कुणी देणार कसं? कंत्राटी बाई, तिच्यावर खापर फोडायला कितीसा वेळ लागतो? उर्वशीला चौकशीची नोटीस निघाली. हिरासिंग तर हरखून गेला. आपल्या प्रोग्रामनं पकडलं पाह्य, म्हणून ऑफिसात चहा पाजला. धम्मरत्नानं कप तसाच ठेवला, दुसऱ्या दिवशी जीप धरली आणि पांढरकवड्यावरून झरीकडं गेला. बहिणीला चार शब्द सुनवावेत की धीर द्यावा, हे त्याचं वाटेत ठरत नव्हतं.

उर्वशीनं भांडण काढलं नाही. तिनं चहा केला आणि त्याला कॉम्प्युटरपुढं नेऊन बसवलं. लाइट नव्हती. दुपार कलल्यावर पंखा फिरायला लागला, तेव्हा तिनं कॉम्प्युटर सुरू केला आणि स्वतः बाजूला झाली. धम्मरत्नानं डेटाबेसला विचारलं, आणि पडदाभर ओळी आल्या. साप चावल्याचं इंजेक्शन, पुन्हा साप चावल्याचं इंजेक्शन, दर वेळी आकडा वाढवलेला.

“इथली लाइट सोमवारी सकाळी जाते का?” त्यानं विचारलं.

“सोमवारीच कायले? दुपारपर्यंत कधीच नसते.”

तेव्हा त्याला ते आठवलं. हिरासिंगचं बोलणं आठवलं, आपण लिहिलेल्या दोन ओळी जशाच्या तशा डोळ्यांपुढं आल्या. दर सोमवारी यवतमाळनं झरीला विचारलं, झरीत अंधार, आणि त्याच्या इंटरफेसनं मुंबईला सांगितलं की यांना काही नको. तो बाहेर जाऊन कडुलिंबाखाली उभा राहिला, परत आला आणि बहिणीला सगळं सांगितलं, काहीही न लपवता. उर्वशी त्या ओळींकडं बघतच बोलली.

“मंग चौकशीत सांगशील का असं?”

“सांगीन.”

आणि तो सांगणारच होता. चौकशीच्या आदल्या दिवशी हिरासिंगनं त्याला बसवून घेतलं. अमरावतीचं काम मिळत आहे, तुला पुण्याला पाठवतो, काय वाट्टेल ते गाजर दाखवलं. मग धमकावलं. धम्मरत्न म्हणाला, भाऊ, माही बहीण हाय थे. संपलं.

चौकशी यवतमाळात झाली. चौकशी अधिकारी शांत, सभ्य, मधूनच चष्मा पुसणारे. उर्वशी एका टोकाला, हिरासिंग दुसऱ्या टोकाला, मधे सांगितलेलं टाइप करणारा कारकून. झरीचा कॉम्प्युटर तिथंच आणून ठेवला होता. धम्मरत्नानं उभं राहून सगळं सांगितलं: रिकामं पोतं, ‘चूक’चं पोतं, साहेबांचं लाल पान, आपण बदललेल्या दोन ओळी. हिरासिंगला विचारलं तर तो म्हणाला, असं काही सांगितल्याचं मला आठवत नाही, लेखी काही असेल तर दाखवा. लेखी कुठून असणार?

मग धम्मरत्नानं झरीचा कॉम्प्युटर सुरू केला आणि पडद्यावर सगळी मागणी आणून दाखवली. अधिकारी पुढं वाकले. त्यांनी मन लावून पाहिलं आणि विचारलं, ही माहिती भरली कधी? धम्मरत्नानं तारखेचा रकाना उघडला. प्रत्येक ओळीला एकच तारीख, आणि तीही कितीतरी वर्षांपूर्वीची, जानेवारीची पहिली. या कॉम्प्युटरच्या आत घड्याळासाठी बटणाएवढी बॅटरी असते, ती कधीच मेलेली होती. लाइट गेली की घड्याळ मागं जाऊन पहिल्या दिवसावर बसायचं. तिथं लाइट रोज जायची.

“म्हणजे बाई दगावल्यानंतर हे भरलेलं असू शकतं,” अधिकारी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “तुम्ही त्यानंतर झरीला गेला होतात?”

“हो.”

“या कॉम्प्युटरवर बसला होतात?”

“हो.”

“आणि या तुमच्या सख्ख्या भगिनी.”

आता धम्मरत्नाजवळ एकच गोष्ट उरली होती, आणि ती सांगायची त्याला सगळ्यांत जास्त लाज वाटत होती. पण तीच सांगितली की उर्वशी सुटेल, असं त्याला वाटलं. तो म्हणाला, साहेब, ही मला दर आठवड्याला फोन करत होती. इंजेक्शन आलं नाही, मागणी केली आहे, असं ओरडून सांगत होती. लेतुबाईच्या कितीतरी आधीपासून. बूथवाल्याला विचारा. हिनं मागणी केली नसती तर असे फोन कशाला केले असते?

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. “आणि तुम्ही काय उत्तर देत होतात?”

“मी म्हणत होतो, तुझ्याकडून काहीच आलेलं नाही.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

“मग त्यांनी कागदावर मागणी का पाठवली नाही?”

“पाठवते म्हणत होती. मीच नको म्हणालो. कागद बंद झाले होते.”

अधिकाऱ्यांनी फायलीतून परिपत्रक काढलं आणि बोट ठेवून दाखवलं. मागणी ‘शक्यतो’ कॉम्प्युटरवरच करावी, असं त्यात होतं. कागद बंद आहेत असं कुठंच नव्हतं. मग ते कारकुनाकडं वळून सावकाश सांगू लागले आणि तो टाइप करू लागला: मागणी प्राप्त होत नसल्याची कल्पना संगणक तज्ज्ञांनी संबंधित परिचारिकेस वेळोवेळी, मृत्यूच्या बऱ्याच आधीपासून दिली होती. तरीही परिचारिकेने उपलब्ध असलेला लेखी मार्ग अवलंबिला नाही.

धम्मरत्नाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो खुर्चीवरून अर्धवट उठला. साहेब, असं नाही, मी तिला चुकीचं सांगत होतो, ते लिहा ना त्यात. अधिकारी म्हणाले, ते तुमचं मत झालं, आम्ही घडलं तेवढं लिहितो. यातलं काय घडलं नाही, ते सांगा. धम्मरत्नानं कागद हातात घेतला, पुन्हा पुन्हा वाचला. त्यातलं प्रत्येक वाक्य घडलेलंच होतं.

कारकुनानं पेन पुढं केलं. धम्मरत्न म्हणाला, मी नाही करत सही. तेव्हा उर्वशी पहिल्यांदा बोलली, त्याच्याकडं न बघता.

“कर सही, दादा. तू नाही केली तरी मले काढतीनच. तुही नोकरी तं राहू दे. मायले दोघंही घरी बसलेले नको पाह्याले लागू.”

त्यानं सही केली.

बाहेर व्हरांड्यात हिरासिंग त्याची वाट बघत उभा होता. आता त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, उलट तो खुशीत होता. त्यानं धम्मरत्नाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, मी उगाच भिऊन राह्यलो होतो बे, तू तं चांगलं बोलला. उर्वशी पायऱ्या उतरून स्टँडकडं निघाली होती. झरीच्या खोलीतली पेटी आणि भांडीकुंडी तिला आजच्या आज आणायची होती. थांब, मी बी येतो, एवढंच धम्मरत्नाला म्हणायचं होतं. ती फाटकाबाहेर पडेपर्यंत तो हिरासिंगचा हात पाठीवर घेऊन तसाच उभा राहिला.